पांढरी सहा धरून ठेव

आठवीत प्रार्थनेची पेटी माझ्याकडे आली. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संगीताच्या सरांनी मला थांबवून घेतलं. पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, तिचा सा धरून त्यांनी पाच स्वरांचा भूप राग वाजवला. मग म्हणाले, "आता तू खालची पांढरी सहा दाबून धर, आणि तोच सा समज." सरांची बोटं त्याच पाच पट्ट्यांवर फिरत होती, पण कानाला भूप लागेना. तो धानी राग झाला होता! मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून सा हलवणं, हा शब्द मला त्या दिवशी मिळाला.

पुढे पुण्यात ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवू लागलो. ए मायनर सेव्हन्थ ही कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे चार स्वर: पांढरी सहा, एक, तीन, पाच. तिची तीन इन्व्हर्जन्स, म्हणजे मूळ स्वराऐवजी दुसरा स्वर सगळ्यांत खाली ठेवून केलेल्या मांडण्या, मी पाढ्यांसारखी पाठ केली होती. पहिल्या इन्व्हर्जनमध्ये पांढरी एक खाली येते, आणि तेच चार स्वर सी सिक्स्थ कॉर्ड म्हणून ऐकू येतात. हे का होतं, ते मला कुणी सांगावं लागलं नाही. ते चारही स्वर भूपातलेच, फक्त सा हलला होता.

व्हॉइसिंग, म्हणजे कॉर्डचे स्वर वरखाली कसे मांडायचे ते, मात्र चुकतमाकत शिकलो. मंद्रात चारही बोटं चिकटून ठेवली की सगळं गढूळ होतं. वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली टाकला, की तीच कॉर्ड मोकळा श्वास घेते. आमचा बेस गिटारवाला गोव्याचा, मडगावचा. तो सांगायचा, "खालचा सूर माझा, तू नको वाजवू." मग उरतात कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजलेले तिसरा आणि सातवा, पाचवाही सोडला तरी चालतो. डी मायनर सेव्हन्थमध्ये हे दोन म्हणजे पांढरी चार आणि पांढरी एक. पुढे जी सेव्हन्थ आली की चार जागेवर राहते आणि एक फक्त अर्धा सूर उतरून सातवर येते. एवढ्याशा हालचालीत केवढा दिलासा आहे! ती जागा आली की मी आजही डोळे मिटतो.

दोन वर्षांपूर्वी की-बोर्ड घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांनी पेटीवर सा ग प ध एकदम धरले. मी खाली आधी सहा दिली, मग एक, मग चार. चारला एफ मेजर नाइन्थ उमटली तसे सर सरळ होऊन बसले. बोटं न उचलता म्हणाले, "अजून एकदा. खालचा बदल."