झाडांखालीच पडणारा पाऊस

ला गोमेरा बेटावरच्या सान सेबास्तियानच्या बंदरावर सकाळी लख्ख ऊन होतं. मोबाइल दिवसभर सूर्य आणि 24 अंश दाखवत होता. तेवढ्यावर विसंबून माझ्या अकरा जणांच्या गटातल्या चौघांनी पावसाळी जाकिटं खोलीवरच ठेवली होती. हवामानाचं ॲप खोटं बोलत नव्हतं, ते बंदराचं हवामान सांगत होतं. आम्हाला जायचं होतं तिथून साधारण 1,400 मीटर वर, गाराहोनाय राष्ट्रीय उद्यानात. चौघांना परत पाठवलं. गट कुरकुरला, पण बस सुटायला अर्धा तास होता.

ला गोमेरा हे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक छोटं, गोलसर बेट. रुंदी जेमतेम 22 किलोमीटर. मधोमध उंच कणा आणि त्यावर हे जंगल, सुमारे चार हजार हेक्टर. 1981 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, 1986 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. ईशान्येचे व्यापारी वारे समुद्रावरची ओल घेऊन या कण्यावर आदळतात आणि वर चढताना गार होतात. त्यांच्यावर कोरड्या, गरम हवेचं झाकण असतं, त्यामुळे ढग फार उंच जाऊ शकत नाही. तो पसरून बसतो तो नेमका जंगलाच्या उंचीवर. कणा ओलांडून दक्षिणेला उतरला की विरून जातो. म्हणून बस दक्षिणेच्या बाजूने चढते तेव्हा खिडकीबाहेर निवडुंगासारखी काटेरी, रखरखीत झुडपं दिसतात. मग एका वळणानंतर काचा पांढऱ्या होतात.

पाहारीतोच्या चौकात उतरलो. तापमान 9 अंश, वर वारा. इथली लोकल बस, म्हणजे 'ग्वाग्वा', दिवसातून मोजक्याच फेऱ्या करते. एक चुकली तर अर्धा दिवस गेला, म्हणून वाट संपते तिथे न्यायला येणारी भाड्याची गाडी मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवते. वाट अशी: पाहारीतोहून अल्तो दे गाराहोनाय हे 1,487 मीटरचं सर्वोच्च टोक, तिथून कोंतादेरो, मग जंगलातून खाली एल सेद्रोची वस्ती आणि शेवटी एर्मीग्वाचं खोरं. एकूण 12-13 किलोमीटर. चढ थोडा, उतार साडेबाराशे मीटरच्या आसपास. लोक चढाला घाबरतात, पण इथे गुडघे घेतो तो उतार.

शिखरावर काहीच दिसलं नाही. समोर शेजारच्या तेनेरिफे बेटावरचा 3,715 मीटरचा तेइदे ज्वालामुखी असायला हवा होता, होती पांढरी भिंत. दिसली ती जवळची जळकी खोडं. ऑगस्ट 2012 च्या वणव्यात उद्यानाचा जवळपास पाचवा हिस्सा जळला. सहारावरून येणारी कोरडी, तापलेली हवा ढगाला हुसकावून लावते तेव्हा हे ओलं जंगलही पेटतं, आणि खालचा पालापाचोळा कुजून झालेला जाड थर जमिनीच्या आत कित्येक दिवस धुमसत राहतो. खोडांच्या बुंध्यातून नवे फुटवे आलेत, पण जुन्या झाडाची उंची गाठायला त्यांना आपल्या कुणाचंही आयुष्य पुरणार नाही.

कोंतादेरोला, म्हणजे साधारण 1,350 मीटरवर, डबे उघडले आणि वादाला तोंड फुटलं. गटातले एक काका म्हणाले, "अहो, पाऊस लागलाय, आपण इथेच थांबू या." शेजारची मुलगी म्हणे, पाऊस नाहीच. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. काका झाडाखाली बसले होते आणि ती गाडीतळावर मोकळ्यात उभी होती.

मी डब्यांची दोन सारखी झाकणं घेतली. एक मोकळ्यात दगडावर ठेवलं, दुसरं रस्त्याच्या कडेच्या ब्रेसोच्या झाडाखाली. ब्रेसो म्हणजे सुईसारख्या बारीक पानांचं झाड. खोडाफांद्यांवर दाढीसारखं शेवाळ. चाळीस मिनिटांनी पाहिलं. मोकळ्यातल्या झाकणावर नुसता दहिवराचा थर, बोट फिरवलं की पुसला जाईल असा. झाडाखालच्या झाकणाचा तळ पाण्याने भरलेला.

कारण साधं आहे. धुक्याचा थेंब इतका हलका असतो की तो स्वतःहून खाली पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा वाहतो. रुंद पानाला वळसा घालून हवा जाते आणि थेंबही तिच्याबरोबर निसटतो. बारीक सुईला मात्र त्याला चुकवता येत नाही. तो तिथे आपटतो, दुसऱ्याला मिळतो, जड होतो आणि मग टपकतो. धुकं पकडणाऱ्या जाळ्या याच तत्त्वावर चालतात. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर, कण्यावर ब्रेसो, आणि आत आडोशाच्या दऱ्यांत रुंद, चकचकीत पानांची झाडं. आकाशातून इथे वर्षाला सरासरी 600 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. तरी हे जंगल बारा महिने हिरवं आणि एल सेद्रोचा ओढा उन्हाळ्यातही वाहता, कारण झाडं स्वतःचं पाणी स्वतः गाळून घेतात. उन्हाळ्यात पाऊस नसतो, पण वारे तेव्हाच जोरात असतात. हे कळलं की कपड्यांचं गणित सुटतं. सुती काहीही नको. जाकिटाची टोपी मोठी हवी. सॅकचं आवरण पाऊस नसतानाही चढवायचं.

कोंतादेरोच्या खाली खरी लॉरेलची झाडी लागते. विन्यातिगो, तिल, लॉरेल, सगळी एका कुळातली. आपल्याकडचा गुळुंब, पिसा, तमालपत्र, दालचिनी हीही त्याच कुळातली, त्यामुळे पान चुरगळलं की वास ओळखीचा येईल. (पडलेलंच पान घ्या, झाडाचं तोडायला बंदी आहे.) विन्यातिगोचं शास्त्रीय नाव 'पर्सिया इंडिका' असलं तरी त्याचा भारताशी काही संबंध नाही. नाव देणाऱ्यांनी गफलत केली आहे.

या उतारावर ओली पानं साबणासारखी असतात आणि त्यांच्याखाली मुळं. पाय मुळावर आडवा टाकला की गेलात. पाऊल लहान, टाच आधी नाही, पूर्ण तळवा. काठ्यांच्या रबरी टोप्या मातीत काढून टाका, पण शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर काठीवर भार देऊ नका, टोक सटकतं. आमचे तीन जण घसरले, तिघंही बोलता बोलता.

धुक्यात वाट चुकत नाही, ती ठळक आहे. चुकतो तो फाटा. पुढचे दोघं एका पाटीशी न थांबता डावीकडे निघून गेले. नियम ठरलेला होता: प्रत्येक पाटीशी शेवटचा माणूस दिसेपर्यंत थांबायचं. तो मोडला. दुसरा नियम मात्र त्यांनी पाळला. खूण दिसेनाशी झाली की पुढे न जाता मागच्या पाटीकडे फिरायचं. मी तीन शिट्ट्या दिल्या आणि पंधरा मिनिटांत दोघं परत आले. याच बेटावर दरीपलीकडच्या माणसाशी शिट्टीतून अख्खी वाक्यं बोलतात. ही शिट्टीची भाषा म्हणजे सिल्बो गोमेरो. 1999 पासून ती शाळेत शिकवतात. आमच्या तीन शिट्ट्यांचा अर्थ एकच होता, आणि तोही नीट पोचला का याची मला खात्री नव्हती.

एल सेद्रोला लाकडी वाडग्यात पाण्यात वाढणाऱ्या हिरव्या पालेभाजीचं वाफाळतं सूप मिळतं, 'पोताहे दे बेर्रोस'. शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं, त्यात बहुतेकदा डुकराचं हाड शिजवलेलं असतं. वर घालायला 'गोफियो' देतात, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. गटातल्या एका काकूंनी चव घेऊन सांगून टाकलं, "हे तर आपलं सातू!"

पुढे एर्मीग्वाकडे उभ्या दगडी पायऱ्या, बाजूला दरीत कोसळणारा धबधबा. इथे घाई नको, गुडघेदुखीवाल्यांना दीड तास द्या. साधारण 700 मीटरवर ढगाचा तळ आला आणि एकदम ऊन, केळीच्या बागा, कुत्र्यांचं भुंकणं. गाडीवाला आधीच येऊन उभा होता. आमच्या ओल्या मोज्यांतून गाडीच्या पायरीवर पाणी गळत होतं आणि तो आम्हाला विचारत होता, वर पाऊस होता का?