वाड्यातल्या गोष्टींचा पॉडकास्ट : सॉफ्टवेअर ठरलं एकदाचं

नमस्कार मंडळी, बरेच दिवसांनी अपडेट टाकतेय. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये राहिलेल्या आजी-आजोबांशी गप्पा रेकॉर्ड करायचं चाललंय हे माहितीये तुम्हाला, आता सॉफ्टवेअरचं एकदाचं ठरलंय. रेकॉर्डिंग फोनवर आणि एडिटिंग लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

दोन्ही एकाच ठिकाणी का नाही, तर आपण लोकांच्या घरी जातो, तिथे लॅपटॉप, वायरी, माइक असा सगळा पसारा मांडला की समोरची आजी एकदम सावरून बसते आणि भाषण दिल्यासारखं बोलायला लागते. फोन ओळखीचा असतो. कॉलर माइक पदराला किंवा शर्टाला लावायचा, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, की मध्येच कोणाचा कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटत नाही. सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाइल प्रकार) मिळत असेल तर तेच घ्या. मोनोमध्ये (म्हणजे एकाच चॅनेलवर) तासाभराची फाइल साधारण ३०० एमबी होते, पण ती कच्ची फाइल कायम जपून ठेवायची. फोन फक्त एमफोरए (दाबून लहान केलेली फाइल) देत असेल तर विंडोजवरच्या ऑडॅसिटीला ती उघडायला एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी टाकावी लागते. काम पाच मिनिटांचंच आहे, पण नवीन माणूस तिथेच अडकतो म्हणून सांगून ठेवते.

एडिटिंगसाठी बाकीचे पर्यायही बघितले. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट येतं आणि आवाज छान देतं, पण त्याची सगळी मांडणी गाण्यासाठी आहे, नवीन प्रोजेक्ट उघडला की टेम्पो आणि ताल समोर येतात, आपल्याला हवी असतात मिनिटं आणि सेकंदं (ते बदलता येतं, पण आधी माहीत पाहिजे ना). रीपर फार ताकदीचं आहे, ६० दिवस वापरून बघता येतं, पण पहिल्यांदा एडिटिंगला बसणाऱ्याला मी ते सुचवणार नाही, मेनूच्या आत मेनू आहेत. ऑफॉनिक वेबसाइटवर चालतं, महिन्याला २ तास फुकट, फाइल चढवली की आवाजाची पातळी सारखी करून देतं, ज्यांना एडिटिंग करायचंच नाहीये त्यांनी बिनधास्त वापरावं.

माझं मन ऑडॅसिटीवर बसलं ते एका वाक्यामुळे. एक आजी गोदावरीच्या पुराचं सांगत होत्या, "पाणी दुतोंड्या मारुतीच्या…" आणि थांबल्या. स्क्रीनवर आवाजाची लाट एकदम सपाट, जवळजवळ तीन सेकंद, त्यात फक्त पंख्याची घरघर आणि एक बारीकसा श्वास. मग "…डोक्यावरून गेलं गं." रामकुंडावर गेलेल्या कोणालाही कळेल, तो मारुती म्हणजे नाशिककरांची पुराची पट्टी, पाणी कुठवर आलं ते त्याच्यावरून सांगतात. हल्ली बऱ्याच ॲप्समध्ये शांतता आपोआप कापायचं बटण असतं, ऑडॅसिटीतही ट्रंकेट सायलेन्स आहे, मी कॉपीवर लावून बघितलं तर ते तीन सेकंद अर्ध्या सेकंदावर आले आणि आजी बातमी वाचल्यासारख्या वाटायला लागल्या. म्हातारी माणसं थांबतात तेव्हा आठवत असतात, तो थांबा गोष्टीचाच भाग आहे आणि तो मला ठेवायचाय. त्यामुळे लाट डोळ्यांसमोर मोठी करून, ऐकत ऐकत, हाताने कापायचं. खोकला, दारावरची बेल, कुकरच्या शिट्ट्या काढते, विचार करतानाचा थांबा ठेवते. ऐकताना कंट्रोल-एम दाबलं की त्या जागी लेबल पडतं, पहिल्या फेरीत मी नुसती लेबलं टाकत जाते, "बेल", "खोकला", "ठेव!" आणि दुसऱ्या फेरीत कात्री.

आता पंखा. नाशिकच्या मे महिन्यात ऐंशीच्या माणसाला पंखा बंद करा म्हणणं मला पटत नाही. म्हणून गप्पा सुरू व्हायच्या आधी दहाएक सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, खोलीचा आवाज तेवढा रेकॉर्ड करायचा. नंतर ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शन या गोंगाट कमी करणाऱ्या इफेक्टमध्ये तो तुकडा निवडून प्रोफाइल, म्हणजे गोंगाटाचा नमुना, घ्यायचं, मग सगळा ट्रॅक निवडून परत तोच इफेक्ट लावायचा. गोंगाट किती कमी करायचा त्या आकड्यात मी ६ डेसिबलच्या वर जात नाही. २० च्या आसपास नेऊन मुद्दाम ऐका, पंखा जातो पण त्याच्याबरोबर श, स, ह पण खरवडले जातात, "शहाणा" मधला श विरतो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडा पंखा ऐकू आला तर येऊ दे, घर आहे ते.

शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे एपिसोडचा एकूण आवाज ठरावीक पातळीवर आणणं, -१६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), ॲपल पॉडकास्टची शिफारसही तीच आहे. मोनो ट्रॅक असेल तर तिथे मोनोला ड्युअल-मोनो (तोच आवाज दोन्ही स्पीकरवर) धरायचा चौकोन आहे, त्यावर टिक राहू द्या. मग एमपी३ मोनो ६४ केबीपीएस, तासाचा एपिसोड २९ एमबीच्या आसपास बसतो, गावाकडे कमी नेटवरही डाउनलोड होतो, बोलण्यासाठी एवढं पुष्कळ झालं.

आता पुढचा प्रश्न पुण्याच्या मैत्रिणीबरोबरच्या एपिसोडचा. दोघींनी आपापल्या फोनवर रेकॉर्ड करायचं, कॉल फक्त ऐकण्यापुरता, सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवायची म्हणजे दोन्ही ट्रॅक जुळवता येतील आणि तासाभरात एकमेकांपासून किती सरकले तेही कळेल. पुढच्या रविवारी करून बघतोय. कोणी वेगवेगळ्या फोनवरचे लांब ट्रॅक जुळवले असतील तर मधल्या शांततेत कापून सरकवता की अख्खा ट्रॅक ताणता, ते जरा लिहा.