हेल्मेटमध्ये पाणी साचतं तेव्हा
टर्किश टॉवेल विणणाऱ्या सोलापूरकरांना पाणी शोषणं म्हणजे काय, हे सांगायला नको. स्पेसवॉकच्या, म्हणजे यानाबाहेर अंतराळात काम करतानाच्या, हेल्मेटमध्ये डोक्यामागे अशीच शोषक गादी असते. १६ जुलै २०१३ रोजी इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानोच्या हेल्मेटमध्ये लिटरभराहून जास्त पाणी साचलं. अंतराळात पाणी खाली ओघळत नाही, चेहऱ्याला चिकटून नाक-डोळे झाकतं. कारण? अंतराळपोशाखातल्या हवेतून पाणी वेगळं करणाऱ्या भागाची बारीक छिद्रं सिलिकाने तुंबली होती. आठवडाभर आधीही पाणी दिसलं होतं, पण दोष पिण्याच्या पिशवीवर गेला. खरी चूक ती! आता गादीसोबत श्वासासाठी नळीही असते, तिचं दुसरं टोक पोटाजवळच्या कोरड्या भागात. अधूनमधून डोकं मागे टेकवून बघायचं. गादी पचपचीत लागली तर लगेच कळवायचं.