बंडूचे कल्ले

माशाच्या कल्ल्यांवर निदान झाकण तरी असतं. अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे बेडकाच्या नात्यातला, जन्मभर पाण्यातच राहणारा एक शेपटीवाला प्राणी. त्याचा सगळा कारभार उघड्यावर. डोक्यामागे दोन्ही बाजूंना तीन-तीन लालसर दांडे, त्यांना बारीक तंतूंची झालर. ज्याचा श्वास असा अंगाबाहेर दिसतो त्याची तब्येत नुसती बघून कळावी, असं कुणालाही वाटेल.

आमच्या मँचेस्टरच्या घरी लेकीने हट्टाने आणलेला बंडू टाकीच्या तळाशी ढिम्म बसून असतो आणि मधेच कल्ले एकदम मागे झटकतो. आईने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि काळजीने विचारलं, "अगं, शिंका येतायत का त्याला?" शिंका नव्हेत. तो हलतच नाही, त्यामुळे कल्ल्यांजवळच्या पाण्यातला प्राणवायू वापरून संपतो. झटका दिला की ताजं पाणी येतं. मात्र हे फार वरचेवर व्हायला लागलं, तर आधी थर्मामीटर बघायचा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. बंडूला 16 ते 18 अंश मानवतात. एरवी मँचेस्टरमध्ये हे फुकट मिळतं, पण 2022 च्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच 40 च्या वर गेला, तेव्हापासून या देशाच्या थंडीवरही भरवसा उरलेला नाही. टेबलफॅनचं तोंड टाकीकडे आणि आम्ही घामाघूम, ही आमची उन्हाळी व्यवस्था.

कल्ल्यांची टोकं पुढे वळली तर काहीतरी खुपतंय. पुष्कळदा फिल्टरचा झोतच जास्त असतो. झालरीवर पांढरे पुंजके दिसले तर बुरशी. फिकटपणाचं मात्र काही खरं नाही. स्वस्थ पडलेला बंडू फिकटच दिसतो आणि गांडूळ गिळून जरा हिंडला की पुन्हा लाल होतो.

खरी गंमत झालरीची आहे. अ‍ॅक्सोलॉटल पाळणाऱ्यांना भरघोस झालरीचं भारी कौतुक. फोटो टाकायचा तर तिचाच. पण प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही कल्ले मोठे होऊ शकतात, कारण तेवढ्याच श्वासासाठी जास्त पृष्ठभाग लागतो. उलट, भरपूर प्राणवायूच्या पाण्यातला धडधाकट प्राणी आखूड झालरीवरही मजेत असतो. आणि अमोनियाने झालर झिजायला लागलेली डोळ्यांना दिसते, तोवर पाणी बिघडून बरेच दिवस झालेले असतात. म्हणून मी कौतुक कल्ल्यांचं करते, विश्वास पाणी तपासायच्या काचनळीवर ठेवते.

नळीत 5 मिली पाणी, त्यात तपासणीच्या रसायनाचे मोजून थेंब. अमोनियासाठी पिवळा रंग हवा, हिरवट झाक आली की धोका. नायट्राइटला आकाशी चांगला, जांभळा वाईट. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जीव खाऊन हलवावी लागते, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो. पहिले दोन शून्य आणि नायट्रेट 20 च्या आसपास, की मी निश्चिंत. हे आकडे ताब्यात ठेवायचं काम खरं तर फिल्टरमधले जिवाणू करतात: अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट. ते वसायला काही आठवडे लागतात, म्हणून टाकी आधी आणि बंडू नंतर. त्यात इथलं नळाचं पाणी डोंगरातल्या तलावांचं, चहाला उत्तम, पण फार मऊ. त्यात सामू (pH) घसरतो आणि जिवाणू सुस्तावतात. उपाय म्हणून फिल्टरमध्ये पोवळ्यांचा चुरा ठेवलाय.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे तू पाणीच पाळलंयस की!"

तिचं म्हणणं मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोलाही लागू आहे. अ‍ॅक्सोलॉटलचं ते मूळ घर. 1998 मध्ये तिथल्या कालव्यांत चौरस किलोमीटरला सुमारे 6000 अ‍ॅक्सोलॉटल होते, 2014 च्या गणनेत 36 उरले. सांडपाणी, शिवाय बाहेरून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे. जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घराघरांत हा प्राणी सुखाने नांदतो, 50 पेसोच्या नोटेवरही तो आहे. स्वतःच्या पाण्यात तेवढा नाही.

आमच्याकडे दर रविवारी थोडं पाणी बदलायचं असतं. निघालेलं पाणी लेक बागेतल्या गुलाबांना घालते. नायट्रेट बंडूला नको, झाडांना हवंच असतं. शेजारचे आजोबा परवा कुंपणावरून विचारत होते, कुठलं खत वापरता म्हणून. लेकीने त्यांना सरळ आत नेऊन बंडू दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "पण हा विकत मिळतो कुठे?"