मुक्तिनाथाचा उतार

नेपाळात मुक्तिनाथाच्या पायवाटेवर मनांग गावानंतरचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. याक खर्कचा मुक्काम आधी की लेदरचा, आता सांगता यायचं नाही. आठवतात त्या बौद्ध मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणि-भिंती. भिंत उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. काका मात्र दर वेळी जवळची बाजू धरायचे, वर मोबाइलवर मोठ्यानं भजन. अकरा वाऱ्या केलेला माणूस, काय बोलणार? पण चार हजार मीटरवर दम पुरेना, तेव्हा विठ्ठलाचं नावही नको झालं मला.

थोरोंग-ला खिंड, ५,४१६ मीटर. दुपारी वारा टिकू देत नाही म्हणून पहाटे चारला निघालो होतो. पताकांपाशी काका रडले. मी फोटो काढले.

मग उतार. मुक्तिनाथ ३,८०० मीटरवर, म्हणजे सोळाशे मीटर नुसतं खाली. सुट्या खडीवर डावी टाच बुटात घासत होती, तासाभरानं तिथं ओलं लागायला लागलं. पहिली चहाची टपरी दिसली तशी बाकावर बसकण मारली. मोजा काढला तर रुपयाएवढा फोड, टम्म.

टपरीवाल्या आजीनं न विचारता गरम पाण्याची परात आणली. मीठ टाकलं, माझा पाय उचलून आत ठेवला. "दुख्छ, नानी?" याला कशाला हवा दुभाषी! मी मान डोलावली आणि रडूच आलं.

तेवढ्यात काका पोचले. "थांब माउली," म्हणत कमरेच्या पिशवीतून सुईदोरा काढला. वारीत करतात तसं फोडातून दोरा ओवून टोकं बाहेर सोडायची, पाणी आपोआप झिरपतं. आजी सुई बघून खवळली. ती नेपाळीत, हे मराठीत, मध्ये माझी टाच. शेवटी तिनं सुई हिसकावली, चुलीच्या जाळात लाल केली, निवू दिली आणि काकांच्या हातात दिली. ते "रामकृष्ण हरी" म्हणत ओवत होते, ती माझा घोटा धरून "ॐ मणि पद्मे हुं" पुटपुटत होती. खिशात भजन चालूच.

आजीनं पैसे फक्त चहाचे घेतले.

दुसऱ्या दिवशी मुक्तिनाथ. एकशे आठ धारा, बर्फाचं पाणी, देवळातल्या भिक्षुणीनं दिलेलं तीर्थ. दर्शन झालं.

कागबेनीला काळी गंडकीच्या वाळूत शाळिग्राम शोधत बसलो, तर काका एकदम म्हणाले, "सुई तिथंच राहिली की गं!" जोमसोमपर्यंत तेच.