जुन्या पानावरचा अनुस्वार आणि डिजिटल प्रतिमाप्रक्रिया

१९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. ते १७६ गुणिले १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपक्यांचे होते. त्यांच्या यंत्राला प्रत्येक ठिपका काळा आहे की पांढरा एवढेच ओळखता येत असे. म्हणून काळ्या-पांढऱ्याची सीमा दर वेळी बदलत त्यांनी तेच चित्र अनेकदा वाचून घेतले आणि ती वाचने एकत्र करून मधल्या करड्या छटा मिळवल्या. चित्राचे किती ठिपके करायचे आणि प्रत्येक ठिपक्याला किती छटांपैकी एक द्यायची, हे दोन निर्णय तेव्हा जसे घ्यावे लागले तसेच आजही घ्यावे लागतात. आता ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, करड्या चित्रात त्याला बहुधा ० ते २५५ यांपैकी एक आकडा मिळतो आणि रंगीत चित्रात लाल, हिरव्या व निळ्या रंगांसाठी तीन आकडे मिळतात. या आकड्यांच्या तक्त्यावर गणित करणे म्हणजे डिजिटल प्रतिमाप्रक्रिया. त्या गणिताचा मोठा भाग काय सोडून द्यायचे हे ठरवण्यात जातो, असे माझे मत जुनी मराठी पुस्तके स्कॅन करण्याच्या छंदातून बनले आहे, आणि विषयाची ओळखही त्याच वाटेने करून देणे मला सोपे वाटते.

पिवळ्या पडलेल्या पानाचे स्कॅन घेतले की त्यात अक्षरांबरोबर कागदाचा रंग, बुरशीचे डाग, मागच्या बाजूची उमटलेली शाई आणि बांधणीजवळची सावली असे सगळेच येते. हा मजकूर संगणकाला वाचता यावा म्हणून आधी शाई आणि कागद वेगळे करावे लागतात. त्यासाठी कोणत्या छटेचे किती ठिपके आहेत याचा आलेख काढतात. त्याला हिस्टोग्राम म्हणतात. छापील पानाच्या हिस्टोग्राममध्ये साधारणपणे दोन उंचवटे दिसतात, शाईचा लहान आणि कागदाचा मोठा. या दोहोंमध्ये सीमा नेमकी कुठे घालावी यासाठी जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली एक सुटसुटीत पद्धत मांडली: प्रत्येक संभाव्य सीमा तपासून पाहायची आणि जिच्यामुळे दोन्ही गटांतल्या छटा आपापल्या सरासरीच्या जास्तीत जास्त जवळ राहतात ती निवडायची. सपाट, स्वच्छ पानावर ही पद्धत उत्तम चालते. बांधणीजवळच्या सावलीत मात्र कागदच शाईइतका काळपट झालेला असल्यामुळे अख्ख्या पानाला एकच सीमा लावली तर कडेच्या ओळी काळ्या पट्ट्यात बुडून जातात. तिथे प्रत्येक ठिपक्याच्या आसपासचा लहानसा भाग पाहून सीमा ठरवावी लागते.

त्यानंतर पान सरळ करण्याचे काम येते आणि इथे देवनागरी लिपीची चांगलीच मदत होते. पानाची प्रतिमा थोडी थोडी फिरवत प्रत्येक आडव्या रांगेतले काळे ठिपके मोजत गेले, तर पान नेमके सरळ होते त्या कोनात सर्व शिरोरेषा आपापल्या रांगांत येतात आणि मोजणीत उंच, टोकदार शिखरे दिसतात. रोमन लिपीत इतकी ठळक आडवी रेषाच नसते. पुढच्या टप्प्यावर मात्र हीच शिरोरेषा अडचणीची ठरते, कारण ती शब्दातली सगळी अक्षरे एकमेकांना जोडून ठेवते. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या अक्षर-ओळख प्रणाली आधी शिरोरेषा पुसून टाकत, मग खाली सुटी झालेली अक्षरे, वरचे रफार-मात्रा आणि तळाचे उकार वेगवेगळे ओळखत. अलीकडच्या प्रणाली असे तुकडे न पाडता पूर्ण ओळच न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे असंख्य उदाहरणे पाहून ओळखायला शिकलेल्या संगणकप्रणालीकडे, देतात. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीच्या २०१८ मधील चौथ्या आवृत्तीत हाच बदल झाला. तरीही नेटवर्कपुढे जाणारे पान जितके स्वच्छ तितके वाचन बरे, हे काही बदललेले नाही.

खरी कसोटी लागते ती या स्वच्छतेतच. पानावरचे सुटे काळे ठिपके घालवण्यासाठी मध्यक फिल्टर वापरतात: प्रत्येक ठिपका आणि त्याच्याभोवतीचे आठ शेजारी असे नऊ आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि पाचवा आकडा मधल्या ठिपक्याला द्यायचा. सरासरी काढली असती तर अक्षरांच्या कडा पुसट झाल्या असत्या. मध्यकामुळे कडा बऱ्याच शाबूत राहतात आणि एकटा पडलेला काळा ठिपका नाहीसा होतो. परंतु अनुस्वारही तसा एकटा पडलेला काळा ठिपकाच असतो. छापील पुस्तकात त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर धरला, तर इंचाला ३०० ठिपके या दराने केलेल्या स्कॅनमध्ये तो सुमारे सहा पिक्सेल रुंद असतो आणि फिल्टरमधून तगतो; इंचाला १०० ठिपक्यांच्या स्कॅनमध्ये तो जेमतेम दोन पिक्सेलांचा उरतो आणि धुळीच्या कणाबरोबर निघून जातो. मग ‘मुलांनी’चे ‘मुलानी’ होते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत तर ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार ओळीओळीला आढळतात, त्यामुळे तिथले नुकसान कितीतरी अधिक होते. कोणता ठिपका मळ आणि कोणता मजकूर, हे फिल्टरच्या गणितात कुठेही लिहिलेले नसते. ते फिल्टर निवडणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

साठवणुकीतही तोच प्रश्न येतो. जेपेग पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार ढोबळ करून टाकते. यामागचे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. निसर्गदृश्यातला असा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण अक्षराच्या तीव्र कडेभोवती राखाडी धुरळा उठतो. म्हणून जतनासाठीचे स्कॅन जेपेगमध्ये ठेवू नयेत, असे मी सर्वांना सांगत असतो आणि त्यावर सहसा फाइलच्या आकाराची तक्रार ऐकतो.

पुस्तकांबाहेरच्या उपयोगांतही सोडून देण्याचा निर्णय ठायी ठायी दिसतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. त्या चित्रात ८० गुणिले ८० ठिपके होते. या संशोधनासाठी हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीच्या मापनात हवेला उणे १,०००, पाण्याला शून्य आणि घट्ट हाडाला हजारापर्यंत किंवा त्याहूनही अधिक असे आकडे मिळतात, तर डोळ्याला एका वेळी इतक्या छटा वेगळ्या दिसूच शकत नाहीत. त्यामुळे डॉक्टर हव्या त्या टापूतले आकडेच छटांवर पसरवून पाहतात. फुप्फुसासाठी निवडलेल्या टापूत हाडे सपाट पांढरी होतात आणि हाडांसाठी निवडलेल्या टापूत फुप्फुस काळे पडते, मात्र मूळ आकडे तेच राहतात.

शेतीत उपग्रहाच्या प्रतिमा वापरतात, तेव्हा हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परावर्तित करते या गुणाचा उपयोग होतो. अवरक्त आकड्यातून लाल आकडा वजा करून त्या दोघांच्या बेरजेने भागले की पिकाच्या जोमाचा अंदाज देणारा निर्देशांक मिळतो. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या भारताच्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे सव्वा एकराचा होता. युरोपच्या सेंटिनेल-२ चा दहा मीटरचा ठिपका आपल्या एका गुंठ्याएवढा भरतो. अर्थात खरिपाच्या ऐन दिवसांत ढग आडवे येतात आणि तेव्हा रडारच्या प्रतिमांवर अवलंबून राहावे लागते.

आता अस्पष्ट चित्रे ‘स्पष्ट’ करून देणारी साधने सहज मिळू लागली आहेत आणि त्यांच्याबद्दल मी सावध आहे. ती चित्रात नसलेला तपशील शोधून काढत नाहीत, तर आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून तिथे काय असणे संभवते ते रंगवतात. अशी चूक व्हायला न्यूरल नेटवर्कच लागते असेही नाही. २०१३ साली जर्मनीतील डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्सच्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या घराच्या नकाशातले खोल्यांचे क्षेत्रफळच बदलत होते. सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून जागा वाचवणाऱ्या पद्धतीने एका आकड्याच्या जागी दुसरा बसवला होता, तोही अगदी रेखीव. पुसट अंक पाहून माणूस थबकतो. रेखीव चुकीच्या अंकावर शंका घेण्याचे कारणच त्याला मिळत नाही. म्हणून स्वच्छ केलेल्या प्रतीसोबत मी करड्या छटांतले, इंचाला निदान ३०० ठिपक्यांचे मूळ स्कॅन डागांसकट ठेवतो आणि मजकुरात शंका आली की ताडून पाहण्यासाठी तेच उघडतो.