खिट्टीवरची अक्षरं

मी धातूच्या नगांवर निकल-क्रोमचा मुलामा चढवून देतो. गाडीच्या मालकांनी आणलेल्या डब्यात एकाच गाडीच्या दोन खिट्ट्या होत्या, पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचांच्या. उजवीवर क्रोमचे फोड आले होते, पण आकार शाबूत होता. डावी मात्र पोळ्यासारखी पोकळ झालेली. मालक म्हणाले, "पितळेची समजून घरीच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकली. क्रोम त्यात उतरतं असं ऐकलं होतं."

त्यांनी ऐकलं ते खरं आहे. क्रोम त्या अ‍ॅसिडमध्ये भराभर विरघळतं. पण खिट्टी जस्ताच्या डायकास्टची होती, म्हणजे वितळलेलं जस्त साच्यात दाबून ओतलेली. फोडांच्या भोकांतून अ‍ॅसिड आत शिरलं आणि क्रोमखालचा निकलचा पापुद्रा तसाच ठेवून खालचं जस्त खाऊन गेलं. अशा नगाला कॉस्टिक सोडाही वैरीच, कारण जस्त अ‍ॅसिडमध्ये विरघळतं तसंच तीव्र अल्कलीतही विरघळतं.

म्हणून धातू ओळखल्याशिवाय मी कुठलाच जॉब, म्हणजे कामाला आलेला नग, टाकीत सोडत नाही. चुंबक चिकटलं नाही तर एवढंच कळतं की हे साधं पोलाद नाही. उजवी खिट्टी आधी हवेत तोलली, मग पाण्यात. घनता (घन सेंटिमीटरला ग्रॅम) 6.7 च्या आसपास आली. पितळ असती तर 8.4 च्या पुढे गेली असती. आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर कानस फिरवली तर पिवळा रंग नाही, निळसर करडा. शंका मिटली.

खरी अडचण अक्षरांची होती. मुठीवर गाडीच्या कंपनीचं नाव बारीक उठावात होतं आणि नेमके खड्डे त्या अक्षरांच्या मधोमध. मालक म्हणाले, "अक्षरं गेली तर मला चकाकी नको." हे ऐकून फार बरं वाटलं. बहुतेक जण फक्त चमक मागतात, आणि जुन्या नगाची ओळख अ‍ॅसिडपेक्षा बफिंगच्या, म्हणजे घासून चमकवायच्या, चाकावरच जास्त पुसली जाते.

धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात जॉब रेक्टिफायरच्या, म्हणजे डीसी करंट देणाऱ्या यंत्राच्या, धन बाजूला जोडला, थर चढवताना जोडतो त्याच्या उलट. थोड्याच वेळात द्रावण पिवळं पडू लागलं, म्हणजे क्रोम उतरत होतं. मग निकल. ते तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये, तसाच उलटा करंट देऊन. इथे जॉब हाडासारखा कोरडा हवा आणि टाकी थंड हवी. पाणी शिरून अ‍ॅसिड पातळ झालं की ते जस्तावर तुटून पडतं. माझी नजर अ‍ॅमीटरवर होती. निकल संपत आलं की काटा खाली येतो. तो येताच नग बाहेर काढला.

आता खालचं तांबं आणि खड्डे उघडे पडले. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला बारीक बर (फिरतं कोरायचं टोक) घेऊन, भिंगाखाली एकेक खड्डा चमकदार धातू लागेपर्यंत कोरला. तळाशी पांढरी भुकटी राहिली तर वरचं सगळं काम फुकट जातं. एका अक्षराची कड खड्ड्याने आधीच खाल्लेली होती. तिथे मी थांबलो. ती कड नंतर तांब्यातून काढायची ठरवली.

मग तांब्याचा पहिला पातळ थर, सायनाइडच्या बाथमधून. अ‍ॅसिड कॉपरची टाकी थेट वापरली तर जस्तच विरघळतं आणि तांबं सैल बसतं. सायनाइड आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर जीवघेणा वायू सुटतो, म्हणून आमच्याकडे त्या टाक्या लांब लांब आहेत आणि मधल्या धुण्यात कुणाचीच घाई चालत नाही. त्यानंतर अ‍ॅसिड कॉपरचा जाड थर. खड्डे भरायचे, कानस मारायची, पुन्हा भरायचं. चौकोनी दांडी बसते ते भोक लॅकरने बंद ठेवलं, नाहीतर खिट्टी दांडीवर बसलीच नसती.

निकलकडे जाण्याआधी जॉब 150 अंश सेल्सिअसला भट्टीत तापवला. बाहेर काढला तर मधल्या अक्षराच्या पायाशी टाचणीच्या डोक्याएवढा फोड! वरून गुळगुळीत दिसणाऱ्या तांब्याखाली दुसरी पोकळी लपलेली होती. ती निकल-क्रोमनंतर वर आली असती तर पुन्हा पहिल्यापासून सगळं उतरवावं लागलं असतं. फोड उघडला, पोकळी कोरली, पुन्हा तांबं चढवलं. मग कोरणीने अक्षरं मोकळी केली आणि बुजलेली कडही तिथेच परत काढली. मुठीवर मोठं चाक लावलंच नाही. लहान कापडी मॉप, तेही अक्षरांच्या दिशेने.

निकलनंतर क्रोमला मिनिटंच लागली. डोळ्यांत भरते ती चमक निकलची असते. वरचा क्रोम मायक्रॉनच्या काही दशांशांइतका पातळ, निळसर झाक देणारा आणि निकलला काळवंडू न देणारा. पण तो खोलगट जागी सहजी बसत नाही, म्हणून अक्षरांसमोर छोटा जादा अ‍ॅनोड (धन टोक) धरला होता.

मालकांनी खिट्टी हातात घेतली आणि चकाकीकडे न बघता आधी अक्षरांवरून अंगठा फिरवला. डावीसाठी ते आता जुना नग शोधताहेत. सापडेल तो फोड आलेला असला तरी चालेल, पण अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा नाही, पॉलिश पेपरही लावायचा नाही, जसा मिळेल तसाच आणा, असं त्यांना लिहून दिलंय.